आधी वास, मग किल्ली

“न्हाई येत वास,” आत्याबाई म्हणाल्या. “दे त्याला किल्ली.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी आपल्या लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, दोनदा हुंगल्यासारखं केलं आणि निकाल दिला. हणमंतनं लगेच हात पुढं केला. अंगणात पिवळी व्हॅन धुऊनपुसून उभी होती आणि कॉलनीच्या कोपऱ्यावर मारुतीच्या पारापाशी पोरं दप्तरं घेऊन तिची वाट बघत होती.

मी कनवटीची किल्ली सोडवली. द्यायला हात पुढं केला आणि माझं लक्ष त्याच्या कपाळाकडं गेलं. कपाळ कोरं होतं.

“भंडारा नाही लावला?” मी विचारलं.

“संपलाय,” आत्याबाई म्हणाल्या आणि लगेच आत वळल्या. “दे की किल्ली. लोकांची लेकरं खोळंबली असतील.”

मी किल्ली परत मुठीत घेतली.

आता तुम्ही म्हणाल, ही काय तऱ्हा? सकाळी उठून नवऱ्याचं तोंड हुंगायचं आणि मग त्याला त्याच्याच गाडीची किल्ली द्यायची! अहो, मलाही काही हौस नव्हती. पण आमच्या घरचा तो नियमच होता. आधी वास, मग किल्ली. आणि तो नियम मी उगाच नव्हता केला.

हणमंत प्यायचा. चोरून नाही, चांगला उजळ माथ्यानं. कराडच्या बाहेर कॅनॉलच्या कडेला आमची कॉलनी. तिथली डझनभर पोरं तो व्हॅननं शाळेत ने-आण करायचा. एका सकाळी रात्रीची उतरली नसताना त्यानं गाडी बाहेर काढली आणि कॅनॉलच्या पुलाच्या कठड्यावर नेऊन घातली. कठडा तगला म्हणून सगळे वाचले. फडतरे वहिनींच्या ईश्वरीचा हात मोडला. खाली कॅनॉल दोन्ही काठ भरून चालला होता. मी तिथं पोचले तेव्हा पोरं रस्त्यावर ओळीनं बसवली होती, एकही रडत नव्हतं, नुसती बघत होती माझ्याकडं. ती नजर मी मरेपर्यंत विसरायची नाही.

मग काय, सगळ्यांनी पोरं काढून घेतली. गाडी अंगणात पडून राहिली. हणमंत पालीला गेला, खंडोबासमोर बेलभंडारा उचलला, पुन्हा शिवणार नाही म्हणून शपथ घेतली. आमच्याकडं बेलभंडारा उचलणं म्हणजे शेवटची शपथ. ती मोडली तर देव सोडत नाही. पण लोकांना त्याचं काय? लोक म्हणाले, “दारुड्याची शपथ ती. दुपारपर्यंत टिकली तरी पुष्कळ.”

तेव्हा मी घरोघर फिरले. फडतरे वहिनींच्या दारात ईश्वरी गळ्यात हात अडकवून उभी होती. तिच्यासमोर मी म्हणाले, “त्यांच्या शपथेवर विश्वास ठेवू नका. माझ्या नाकावर ठेवा. किल्ली माझ्याजवळ राहील. रोज सकाळी मी वास घेईन. जरा जरी आला तर गाडी हलणार नाही.”

आणि माझं नाक तसं होतंच. शेजारची डाळ करपायच्या आधी मी भिंतीवरून हाक मारायची, “गॅस बारीक करा हो!” हणमंतनं एकदा वेलदोडा चघळून माझी परीक्षा बघितली होती. वेलदोड्याच्या खालचं मी ओळखलं. दोन दिवस किल्ली दिली नाही. फडतरे वहिनी चेष्टेनं म्हणायच्या, “वैजयंता, तुला पोलिसात घेतील गं, कुत्र्याच्या जागी!” मीही हसायची. पण हळूहळू सगळी पोरं परत आली. ईश्वरीही आली. माझ्या नाकावर आली. पुढं काही वर्षं हणमंतनं थेंबाला हात लावला नाही. आमचा मुलगा माझ्या माहेरी पाटणला शिकत होता, तोसुद्धा सुट्टीला आला की बापाजवळ बसायला लागला.

मग साथीत शाळा बंद पडून पुन्हा उघडल्या, त्या हिवाळ्यात घरात ताप आला. तिघांनाही आला. दोघं चार दिवसांत उठून बसली. माझाही ताप गेला, पण जाताना माझा वास घेऊन गेला.

कळलं ते फोडणीत. तेलात लसूण टाकला, वास येईना. म्हटलं, तेल तापलं नसेल. आत्याबाई बाहेरून ओरडत आल्या, “अगं, काय जाळतीयास?” बघते तर लसणाचा कोळसा. मी हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. कपड्याचा साबण, फिनेल, रॉकेलची बाटली, सगळं हुंगलं. कोऱ्या भिंतीला नाक लावून उभं राहावं तसं. मी तिथंच ओट्याला धरून खाली बसले.

मी कुणापासून लपवलं नाही बरं का, हे आधीच सांगते. घरात सांगितलं, दारात सांगितलं, कॉलनीत सांगितलं. आणि ऐकायला काय मिळालं? “बरं झालं की, गटाराचा वास यायचा नाही.” “नाक आहे ना जागेवर? मग झालं!” “ओव्याची पुरचुंडी हुंगा.” डॉक्टर मोबाइलमध्ये बघत म्हणाले, “व्हायरल आहे. येईल महिन्या-दोन महिन्यांनी. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत जा. त्यात घाबरायचं काय?”

माणसाचे डोळे गेले तर लोक हाताला धरून रस्ता ओलांडून देतात. नाक गेलं की थट्टा करतात. अरे, भाकरी खाल्ली तर चोथा, आमटी प्यायली तर नुसतं गरम मिठाचं पाणी! माझ्या अंगाला घामाचा वास येतो की नाही, दूध नासलं की चांगलं आहे, हे मी दुसऱ्याला विचारायचं. चारचौघींत बसायला लाज वाटायची. पोराच्या जुन्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बघितलं, त्यातही तो नव्हता. त्या दिवशी मी रडले. कुणाला त्याचं काही नव्हतं. कळ नाही, सूज नाही, मग दुखणं कसलं!

मला मात्र सगळ्यात मोठी काळजी किल्लीची होती. संध्याकाळी जेवायच्या आधी मी विषय काढला.

“माझ्या नाकाचा आता उपयोग नाही. गाडी काही दिवस बंद ठेवू या.”

“आणि खायचं काय?” हणमंत म्हणाला. “एवढ्या वर्षांत शिवलो तरी का मी?”

“शिवला नाहीत. पण मी शब्द दिलाय लोकांना.”

आत्याबाई देवापुढची वात सारखी करत होत्या. त्या वळल्या. “मग मी घेती वास. मला काय नाक न्हाई? मी आई हाय त्याची. दुधाचा वास वळखलाय म्या त्याच्या तोंडाचा, दारूचा वळखणार न्हाई व्हय?”

“खरं सांगायचं हं, आत्याबाई.”

“पोटच्या पोराचं खोटं कशापायी सांगू?”

मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी कॉलनीतही सांगून आले, माझं नाक बरं होईपर्यंत आत्याबाई वास घेतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याबाई म्हणजे देवाच्या बाई. सोमवार पाळतील, रविवारी खंडोबाची तळी भरतील, दारावरच्या वाघ्याला रिकाम्या हातानं कधी पाठवणार नाहीत. आणि सकाळी पूजा झाली की पितळी डबीतला भंडारा चिमटीत घेऊन ‘येळकोट येळकोट’ म्हणत लेकाच्या कपाळाला लावतील, मगच तो घराबाहेर पडेल. तो प्यायचा त्या काळातही लावायच्या. झोकांड्या खाणाऱ्या लेकाची हनुवटी धरून लावायच्या. हळदीच्या त्या पिवळ्या पट्ट्याशिवाय हणमंत कामाला निघालेला मी नाक जाईपर्यंत कधी बघितला नव्हता.

म्हणून त्या सकाळी ते कोरं कपाळ माझ्या डोळ्यांत खुपलं.

“संपेल कसा?” मी म्हणाले. “कालच मी डबी भरलीय.”

“मग सांडला आसंल.”

“वैजू, किल्ली दे,” हणमंत म्हणाला. “उशीर होतोय.”

मी त्याच्याशेजारून आत गेले, देव्हाऱ्यातली डबी उचलली आणि झाकण काढलं. डबी काठोकाठ भरलेली होती. वरचा भंडारा मी चमच्यानं दाबून बसवला होता, तो तसाच होता.

डबी हातात धरून मी उभी राहिले आणि एकेक आठवायला लागलं. बुधवारी कपाळ कोरं होतं. विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या होत्या, माझी आंघोळ व्हायचीय अजून. त्याच्या आधी एकदा म्हणाल्या, भावकीत सुतक आहे. कुठल्या भावकीत, कोण गेलं, मी विचारलंच नव्हतं. एकदा म्हणाल्या, लावला होता, घामानं पुसला असंल. थंडीच्या दिवसांत घाम! हणमंतचे डोळे लाल दिसायचे, तर तो तापाचा अशक्तपणा. न्हाणीत जास्त वेळ लागायचा, तर ते पोट बिघडलेलं. मी सगळं ऐकून घेतलं होतं, कारण रोज सकाळी एक देवाची बाई मला सांगत होती, वास नाही.

मी डबी घेऊन बाहेर आले.

“आत्याबाई, भंडारा आहे. लावा त्यांना.”

त्यांनी डबीकडं बघितलं. “आता कुठं... उशीर झालाय, संध्याकाळी लावीन.”

“आत्ता लावा. तुम्ही भंडारा लावा, मी किल्ली देते. एका हातानं तुम्ही, एका हातानं मी.”

“काय पोरखेळ लावलाय!” हणमंत म्हणाला. “लाव गं आई. कटकट मिटव हिची.” आणि त्यानं खाली वाकून आईपुढं कपाळ धरलं.

आत्याबाईंनी चिमटीत भंडारा घेतला. हात वर नेला. कपाळाच्या टीचभर अलीकडं तो थांबला. हणमंत वाकून उभाच. मी त्या हाताकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, लावा, आत्याबाई, लावा. माझा संशय खोटा ठरवा. मी पाया पडते तुमच्या.

चिमूट सुटली आणि भंडारा उंबऱ्यावर सांडला.

“आई?” हणमंत मान वर करून म्हणाला.

“न्हाई रं लावता येत,” त्या म्हणाल्या. पदर तोंडाला गेला होता. “बेलभंडारा उचललाय तू. तसल्या तोंडानं... देव कडक हाय आपला. म्या लावला आन् त्यानं तुझं काय वाईट केलं मंजी?”

जे तोंडात आलं ते माझं मला थांबवता आलं नाही.

“म्हणजे वास येतोय! रोज येतोय! रोज माझ्या तोंडावर म्हणताय वास नाही, दे किल्ली!”

“रोज न्हाई गं,” आत्याबाई रडत म्हणाल्या. “कवा कवा. आन् लई न्हाई पीत. जराशी घेतो, हात थरथरू नये म्हून.”

“देवाला वास चालत नाही, आत्याबाई, आणि लोकांच्या पोरांना चालतो?”

“अगं, आईचं काळीज हाय माझं...”

“आणि त्या पोरांना काय आया नाहीत? ईश्वरीला आई नाही? तुम्ही देवाला भिऊन भंडारा झाकून ठेवलात, आणि किल्ली काढून दिलीत! देवाच्या कोपातून लेक वाचवलात आणि बाकीच्यांची पोरं घातलीत त्याच गाडीत!”

त्या उंबऱ्यावर बसल्या. सांडलेला भंडारा पदरानं गोळा करायला लागल्या. तसल्या वेळीही बाईला भंडारा पायदळी जाऊ नये याची काळजी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी हणमंतकडं वळले. “तू प्यायलायस.”

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं. त्यानंतर आजपर्यंत अहो म्हटलेलं नाही.

तो भिंतीला टेकला. खोटं बोलला नाही, एवढंच म्हणायचं. पण जे बोलला ते खोट्यापेक्षा वाईट.

“तुझ्यामुळं झालं हे,” तो म्हणाला. “तुझ्या नाकाचा धाक होता मला. नाक गेलं आणि धाक गेला. तुला वास येत असता तर मी शिवलोच नसतो.”

“म्हणजे चूक माझ्या नाकाची?”

“तसं नाही...”

“तसंच म्हणालास तू! माझा वास गेला, माझं जेवण गेलं, माझ्या लेकराच्या कपड्याचा वास मला येत नाही, आणि तू म्हणालास, चला, बाटली काढायला हरकत नाही! मी अंथरुणात तोंड लपवून रडत होते, तेव्हा तू न्हाणीत बाटली लपवत होतास!”

त्याच्या तोंडात मारली असती. पण हातात देवाची डबी होती. ती मी आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली, किल्ली मुठीत आवळली आणि चप्पल न घालता मारुतीच्या पाराकडं चालायला लागले.

“वैजे, तिथं जाऊन बोंब मारू नगंस!” आत्याबाई मागून ओरडल्या. “घरातलं घरात ऱ्हाऊ दे! माझ्या पोराची अब्रू जाईल!”

घरातलं घरात राहिलं म्हणून तर हे झालं होतं. मी मागं वळून बघितलं नाही.

पाराजवळ पोरं एकमेकांची टोपी पळवत होती. ईश्वरी एका कडेला उभी राहून पाढे पुटपुटत होती. तिच्या वेणीला नवी लाल रिबीन होती. फडतरे वहिनी स्कूटर लावून तिच्याजवळ उभ्या होत्या, त्यांना बँकेत जायचं होतं.

“वैजयंता, अगं अनवाणी? गाडी कुठंय?”

“गाडी येणार नाही, वहिनी. आज नाही, उद्याही नाही. तो पितोय.”

मला वाटलं, वहिनी मटकन खाली बसतील, नाहीतर माझ्या अंगावर ओरडतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाल्या, “तरीच.”

“तरीच म्हणजे?”

“अगं, मला आला होता वास. मागच्या आठवड्यात ईश्वरीला सीटवर बसवायला आत वाकले होते ना, तेव्हा. त्याच्या आधीही एकदा आला होता.”

“मग?”

“मग काय...” त्या चाचरल्या. “मला वाटलं, सॅनिटायझरचा असेल. हल्ली सगळ्या गाड्यांत मारतातच ना. आणि आत्याबाई रोज बघतात म्हटल्यावर... देवाच्या बाई त्या, खोटं कशाला बोलतील? किल्ली तर तू देतच होतीस. म्हटलं, माझंच नाक खोटं असेल.”

सासूचं एक वेळ समजू शकत होते. ती आई, तिचा एकुलता लेक, तिची माया आंधळी. पण या बाईची मुलगी त्या गाडीत बसत होती! तिचाच हात मोडला होता!

“वहिनी,” मी म्हणाले, “माझं नाक गेलंय हे तुम्हाला माहीत होतं. ओवा हुंग म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.”

“हो गं, पण...”

“तुमचं नाक धडधाकट होतं. तुमच्या नाकाला वास आला. आणि तुम्ही ईश्वरीला सीटवर बसवलंत, दार लावलंत आणि टाटा केलंत?”

“मला ऑफिसला उशीर होत होता,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी ईश्वरीला ओढून पोटाशी घेतलं. पोरगी पाढे म्हणायची थांबली.

मी ओरडणार होते. शब्द अगदी तोंडात आले होते. पण त्या बाईचा हात ईश्वरीच्या मनगटावरून फिरत होता, जिथं हाड जुळून जरा उंच आलेलं होतं तिथं. मग ओरडून काय करायचं? मी नुसती म्हणाले, “बाकीच्यांना फोन करा. आपापली पोरं आपापली न्या. मी इथं थांबते.”

सगळे येईपर्यंत मी उन्हात उभी राहिले. एकेक जण स्कूटरवर आला. आणि काय सांगू, त्यातल्या आणखी एक-दोघांनीही तेच सांगितलं. वास आला होता. वाटलं, दुसरा कुणी बोलेल. कुणी मला शिव्या दिल्या, म्हणाले, बाई, तुमच्या भरवशावर पाठवत होतो. मी ऐकून घेतल्या. पण मनात एकच चाललं होतं. अख्ख्या कॉलनीत एकट्या माझंच नाक गेलं होतं, आणि दारू कुणी पकडली? मीच, ती पण कपाळ बघून!

पुढचं थोडक्यात सांगते. हणमंतला त्याच आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. त्याचा चुलतभाऊ न्यायला आला तेव्हा तो लहान पोरासारखा दाराला धरून उभा होता. मी त्याचे हात सोडवले. परत आला, पुन्हा एकदा घसरला, पुन्हा गेला. आता एका फर्निचरच्या दुकानात हमाली करतो. बरा आहे. किती दिवस बरा राहील ते मी सांगणार नाही, कारण आता मी कुणाला जामीन राहत नाही.

आत्याबाई माझ्याशी किती तरी दिवस बोलल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “सुनंनं माझ्या लेकाला भर चौकात उघडा केला.” लोकही मान डोलवायचे. बाईनं जरा दमानं घ्यायला हवं होतं म्हणायचे. नवऱ्याची बाजू नको का सांभाळायला? वा रे वा! कठड्यावर गाडी घालायची त्यानं, वास गिळायचा त्याच्या आईनं, आणि दमानं घ्यायचं मी!

गाडी अंगणात गंजत होती. विकायला काढली तर कुणी येईना. मग माझ्या डोक्यात आलं, विकायची कशाला? मीच शिकते. कॉलनी हसली. हणमंत मात्र हसला नाही. केंद्रातून आल्यावर सुट्टीच्या दिवशी बाजार समितीच्या रिकाम्या मैदानावर त्यानंच मला शिकवलं. शेजारी बसून ओरडायचा, “क्लच सोड हळू! अगं, हळू! बैलगाडी आहे का ती?” लायसन काढलं, बॅज काढला, कॉलनीत पुन्हा घरोघर गेले. या वेळी कुणाला शब्द दिला नाही. एवढंच म्हणाले, “रोज सकाळी पोरगं बसवताना माझ्याजवळ यायचं. वास घ्यायचा. आला तर पोर खाली उतरवायचं. ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे.” पहिली होकार देणारी बाई फडतरे वहिनी.

पहिल्या दिवशी सकाळी मी साडीच्या वर खाकी कोट चढवला. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब यांची डॉक्टरांनी सांगितलेली कवायत अजून चालू होती. लवंग नाकाला लावायची आणि मग तोंडात टाकायची, अशी सवयच पडली होती. वास म्हणाल तर कॉफी जळक्या रबरासारखी येते आणि गुलाब अजून काहीच येत नाही. पण लवंगेचा तिखटपणा जिभेला कळतो, तेवढीच सोबत.

किल्ली घेऊन उंबऱ्यात आले तर आत्याबाई डबी घेऊन उभ्या. इतक्या दिवसांत त्या माझ्यासमोर आपणहून आल्या नव्हत्या. केस ओले, पूजा झालेली. चिमटीत भंडारा होता. हात माझ्या कपाळाकडं यायला लागला.

मी तो मनगटाशी धरला.

“आधी वास, आत्याबाई,” मी म्हणाले. “मग भंडारा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आलेले दिसले. मला वाटलं, हात झटकून निघून जातील. पण त्या टाचा उचलून पुढं झाल्या. मी तोंड उघडून श्वास सोडला, हाऽऽ. त्यांनी नाक अगदी जवळ आणलं आणि खरंखुरं हुंगलं, छाती भरून. मग कपाळाला आठी पडली.

“लवंग खाल्लीस?”

“हो.”

“कशापायी?”

घ्या! पोटच्या लेकाची दारू त्या नाकानं गिळली, आणि सुनेच्या लवंगेची चौकशी! पाय आपटून ओरडावं असं वाटलं मला. पण कोपऱ्यावर पोरं उभी होती. त्या वेळी या बाईनं लेकाला असंच विचारलं असतं, तर काय हवं होतं?

“थुक ती,” आत्याबाई म्हणाल्या. “चूळ भर आन् परत ये. तवर न्हाई लावायची मी.”

मी मोरीवर गेले, लवंग थुंकले, दोनदा चूळ भरली आणि परत येऊन त्यांच्यापुढं तोंड उघडलं.